पेन्सिलीनं दिलेले पाच मार्क

साळवे सर,

तुम्ही गेल्यापासून दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला की मला शाळेचं मैदान दिसतं. मैदानात मुलं नसतात. चुन्याच्या दोन रेघा तेवढ्या असतात, कडुनिंबापासून निघून हातपंपाकडे वाहत गेलेल्या, आणि त्या दोन रेघांच्या मधे तुम्ही उकिडवे बसलेले. मी वर्गाच्या दारातून विचारते, सर, घंटा होऊन गेली, मुलं कुठं आहेत? तुम्ही मान वर न करता सांगता, नदी ओलांडून येऊन राह्यलेत, आज पाणी जास्त आहे. आणि मला ते पटतं. चुन्याच्या रेघेला पाणी कुठून आलं, हा प्रश्न मी, गणिताची बाई, स्वप्नात एकदाही विचारत नाही.

जागेपणी मात्र फार विचारले. दहा वर्षं एका शाळेत काढली आपण आणि त्यातली निम्मी भांडण्यात गेली असतील. आज भांडायला बसले आहे खरी, पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती सतरा वर्षं लांबवली. आता तुम्ही ऐकायला नाही, आणि म्हणूनच कदाचित तोंड उघडतंय माझं.

तुम्ही आमच्या गावी आलात ते एक्क्याऐंशी साली. जिल्हा नुकताच नवा झाला होता. आमच्या शाळेच्या शिक्क्यावर अजून परभणी होतं, आणि तुम्ही भोकरदनच्या बाजूचे, केदारखेड्याचे, म्हणजे कालपर्यंत औरंगाबादवाले. दोघेही एका रात्रीत जालन्याचे झालो. पहिल्याच दिवशी सहावीच्या वर्गात तुम्ही हेच सांगितलंत म्हणे, की रेघ सरकली, माणसं जागच्या जागी आहेत. आता पाच हजार वर्षांत किती रेघा सरकल्या असतील ते आपण बघू. मी शेजारच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. भिंतीपलीकडून इतका हशा येत होता की माझी मुलं छेद सोडून तिकडंच कान लावून बसली. तेव्हाच ठरवलं, हा माणूस आपल्याला जड जाणार.

वाटूरला तुम्ही खोली घेतली होती आणि तिथून सायकलनं यायचा. मी वाटूरचीच सून, एसटीनं यायची. गाव माझं माहेर, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत मी वडिलांच्या, अण्णांच्या घरी जेवायला जायची आणि तुम्ही कडुनिंबाखाली डबा उघडायचा. दहा वर्षांत मी तुम्हाला एकदाही, सर, आज घरी चला जेवायला, असं म्हटलं नाही. का म्हटलं नाही ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. अण्णा वाईट नव्हते, पण त्यांच्या ओसरीवर कोण बसतं आणि कोण अंगणात उभं राहतं हे ठरलेलं होतं, आणि ते मोडायची हिंमत माझ्यात नव्हती. तुम्ही कधी विषय काढला नाहीत. मला त्याची आज लाज वाटते.

सहावीचा इतिहास म्हणजे पुस्तकात चाळीसेक पानं. मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू, चीन, मग ग्रीस आणि रोम. दुसरा कुणी असता तर दिवाळीपर्यंत संपवून उजळणी सुरू केली असती. तुम्ही मात्र शिकवायचा नाहीत, मुलांना तिथं राहायला पाठवायचा. मैदानात चुन्यानं टायग्रिस आणि युफ्रेटिस काढायच्या, मधल्या जागेत मुलांनी घरं आखायची, आणि मग दोन महिने कुणी कुंभार, कुणी कालवे खणणारा, कुणी धान्य मोजणारा. राजा कुणालाच होऊ द्यायचा नाहीत. हेडसरांच्या मुलानं एकदा राजा होण्याचा हट्ट धरला तर तुम्ही त्याला म्हणालात, राजा हो की, पण आधी विटा कोण थापणार ते बघून ये. पोरगं आठवडाभर विटा थापत राहिलं आणि राजेपण विसरून गेलं. सुट्टीत हातपंपावर पाणी प्यायला जायचं तर चुन्याची नदी ओलांडावी लागायची, आणि सगळी शाळा, पहिलीची चिल्लीपिल्ली सुद्धा, परकर-चड्ड्या वर धरून ती ओलांडायची. मीही एकदा, कुणी बघत नाही असं बघून, साडी जरा उचलून घेतली होती. तुम्ही खिडकीतून बघत होतात हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

एवढं सगळं झाल्यावर मार्च उजाडायचा आणि ग्रीस-रोम राहून जायचे. तुमच्या एकाही तुकडीनं रोम पाहिलं नाही, सर. मी टोचून बोलले की तुम्ही म्हणायचा, रोम कुठं पळून जातंय.

आणि मग ती पांढर. गावाच्या उगवतीला जुन्या वस्तीचं ते टेकाड मी लहानपणापासून बघत आले होते. सगळ्या गावासारखं मलाही ते माहीत होतं एवढ्यासाठीच, की माळवदावर टाकायची पांढरी माती तिथून येते. दर उन्हाळ्यात घरोघरच्या बैलगाड्या तिथं लागायच्या, कारण मातीचं छप्पर दरसाल नवा थर मागतं, नाहीतर गळतं. ती माती पांढरी का, हे मात्र तुम्ही सहावीला सांगितलंत तेव्हा मला भिंतीपलीकडून कळलं. शेतातली माती काळी आणि ही पांढरी, कारण हिच्यात शेकडो वर्षांच्या चुलींची राख आहे, पडलेल्या भिंती आहेत, फुटलेली मडकी आहेत. माणसं राहून राहून माती पांढरी होते, असं तुम्ही म्हणालात. त्या दिवशी मी घरी गेले आणि वर छताकडे बघत बसले. आई म्हणाली, काय गं, गळायलंय का कुठं?

दुसऱ्या वर्षापासून तुम्ही ते मातीच्या पाट्यांचं सुरू केलंत. दर साली सहावीच्या प्रत्येक मुलानं ओल्या मातीची तळहाताएवढी पाटी करायची, काडीनं तिच्यावर एक प्रश्न कोरायचा, कुंभाराच्या आव्यात भाजून घ्यायची, आणि वार्षिक परीक्षा संपली की सगळ्या पाट्या पांढरीत मागच्या बाजूला, बाभळीखाली पुरायच्या. पुढच्या साली नव्या सहावीनं त्या खणून काढायच्या. नियम एकच होता. ज्याच्या हाती जी पाटी लागेल त्यानं तिचं उत्तर शोधायचं आणि आपल्या पाटीवर लिहायचं. तुमचीही एक पाटी त्यात असायची. एका साली तुम्ही विचारलं होतं, तुमच्या विहिरीचा पहिला दगड कुणी काढला. त्या उत्तरासाठी एक मुलगी पार अंतरवालीला आपल्या आजोळी जाऊन आली, कारण वडार मंडळी तिकडं गेल्याचं कुणीतरी सांगितलं होतं. परत आली तेव्हा तिच्याकडे तीन नावं होती. ती तिनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवली. एवढं झाल्यावरही मी म्हणत होते की यात अभ्यासक्रम कुठं आहे.

आपलं मोठं भांडण मार्कांवरून झालं. सहामाहीला तुम्ही प्रश्न घातला, पिरॅमिड कोणी बांधले? ज्यांनी राजाचं नाव लिहिलं त्यांना पाचपैकी दोन. एका पोरानं लिहिलं, माहीत नाही, शोधतो. त्याला पाच. तेही पेन्सिलीनं. निकालपत्रक करायचं माझ्याकडे, आणि मी बेरीज करायला बसले तर तुमच्या विषयाच्या रकान्यात जागोजागी पेन्सिलीचे पाच. मी तरातरा तुमच्या वर्गात आले.

"सर, माहीत नाहीला पाच मार्क द्यायचे, मग ज्याला माहीत आहे त्याला मी किती देऊ?"

"नुसतं माहीत न्हाई लिहिलं त्याला शून्यच दिलाय, बाई. बघा वही. यानं शोधतो म्हणून लिहिलंय."

"आणि नाही शोधलं तर?"

"म्हणून तर पेन्सिलीनं दिलेत. शोधून आला की शाईनं करीन. न्हाई आला तर खोडरबर हाये की."

माझं म्हणणं होतं, पेन्सिलीच्या आकड्याची बेरीज होत नाही. तुम्ही म्हणालात, मंग थांबा. निकालाला कुणी थांबतं का, सर? वार्षिकलाही तुम्ही तेच केलंत. हेडसरांनी मला सगळ्यांसमोर झापलं, वर्गशिक्षिका म्हणून. मी घरी जाऊन रडले आणि तुमच्याशी बोलणं टाकलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीचं ते वर्ष. एप्रिलचा महिना, आणि त्या सालच्या एकतीस पाट्या बाभळीखाली पुरून आठच दिवस झाले होते.

आता कबुली. त्याच आठवड्यात जेवताना अण्णा म्हणाले, माती आणायला गड्याला धाडलं व्हतं, नेहमीच्या बाजूला निस्ते खडे लागून राह्यलेत. मी घास तोंडात ठेवून म्हणाले, मागच्या बाजूला बघा, बाभळीखाली माती भुसभुशीत आहे. बस, इतकंच. पाट्यांचं माझ्या डोक्यातून गेलं होतं, असं मी स्वतःला सांगत आले. पण सर, मी गणिताची बाई आहे, आठ दिवसांपूर्वीची गोष्ट मी विसरत नाही. विसरले नव्हते. ठरवूनही केलं नव्हतं. रागात असलं की माणूस जीभ सैल सोडतो आणि मग म्हणतो, निसटली. तशी ती निसटली. दोन दिवसांनी मागच्या बाजूला एवढा मोठा खड्डा पडलेला मी एसटीतून पाहिला. तोवर माळवदावर माती पडून, तुडवून, पाणी मारून झालं होतं.

दिवाळीनंतर तुम्ही नवी सहावी घेऊन खणायला गेलात. तीन दिवस खणलंत. पहिल्या दिवशी मुलं गात गेली, तिसऱ्या दिवशी दोघी-तिघी रडत आल्या. मी पांढरीच्या कडेला उभी होते. तुम्ही त्या खड्ड्याच्या काठावर बसलात, चष्मा पुसलात, आणि मुलांना वह्या काढायला सांगितल्या. तुमचं ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे. "काहीच सापडलं न्हाई, ते बी लिहा. सापडलं न्हाई म्हणजे नव्हतंच, असं कुणी म्हणू नका. तिथं माणसं व्हती अन् त्यांनी काहीतरी विचारलं व्हतं, एवढं आपल्याला माहीत आहे." मग मुलं लिहू लागली. उन्हं कलली होती, ती पांढरी माती मुलांच्या केसांवर, पापण्यांवर बसली होती, आणि क्षणभर मला वाटलं की ही मुलंच खाली कुठून तरी निघून आली आहेत. इतकी सुंदर दुपार मी आयुष्यात पाहिली नाही. आणि ती माझ्या पापातून आली होती.

तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. एकतीस लेकरांचे प्रश्न माझ्या बापाच्या डोक्यावर आहेत, चला, शिडी लावू. पण त्यासाठी तुम्हाला त्या घरात न्यावं लागलं असतं.

मग आपण पुन्हा बोलू लागलो. पाट्यांची जागा तुम्ही बदललीत, शाळेच्या कुंपणाच्या आत आणलीत. तो हरवलेला वर्ग मात्र तुमचा कायमचा धडा होऊन बसला. मोहेंजोदडो आलं की तुम्ही आपल्या गावच्या त्या सालाचं उदाहरण द्यायचा. मी भिंतीपलीकडे खडू मोडत बसायची. एकदा धीर करून विचारलं, सर, त्या साली तुमच्या पाटीवर काय होतं? तुम्ही हसलात. म्हणालात, खणून काढील त्यालाच कळायचं, नियम म्हणजे नियम. बदली होऊन केदारखेड्याला निघालात त्या दिवशी सायकलवर ट्रंक बांधताना मला म्हणालात, "बाई, काही सापडलं तर कळवा." मी म्हटलं, काय? "काहीबी," म्हणालात आणि पायडल मारलं. तुम्हाला कळलं होतं का, सर? अण्णांच्या घरावरून रोज जायचा तुम्ही. इतक्या वर्षांत मला त्या एका शब्दाचा उलगडा झाला नाही.

यंदा मे महिन्यात भावानं माळवद उतरवलं, स्लॅब टाकायला. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, आई आता चांगलीच थकली आहे. मी फिरत फिरत पुन्हा आपल्याच शाळेत आले आहे, त्यामुळे त्या दिवशी तिथंच होते. भावजयीनं हाक मारली, ताई, ह्ये बघा खापरं कसे निघालेत. मला वाटलं मातीत मिसळून, चुरा होऊन आली असतील. तसं नव्हतं. स्वैपाकघराच्या वर, कडेच्या भिंतीला लागून, पाट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एकीला एक लावून, लेखाची बाजू खाली, जपून. बहुतेक धड होत्या. कुणीतरी त्या मातीतून वेचून बाजूला काढल्या होत्या, आणि तुडवणाऱ्या पायांखाली येणार नाहीत अशा जागी ठेवल्या होत्या. आम्ही सतरा वर्षं त्यांच्याखाली भाकरी खाल्ली.

मी अंगणात मांडी घालून एकेक वाचली. वही नसलेल्यानं काय करावं? माझी आजी कोणत्या गावची? उंदीर मेसोपोटेमियात होते का? वाचता वाचता हसू येत होतं आणि डोळे भरत होते. त्या मुलांची नावं मला आठवत होती, त्यातल्या काहींची मुलं आता आपल्या शाळेत आहेत. मग तुमची हाती आली. तुमचं ते वळणदार अक्षर. "तू ज्या घरात राहतोस त्याच्या माळवदावर माती कोणी टाकली? त्याचं नाव लिही."

सर, मी तिथल्या तिथं मोठ्यानं म्हणाले, अण्णांनी. आणि मग पाटी पुन्हा वाचली. अण्णांनी आयुष्यात टोपलं उचललं नव्हतं.

पाट्या पिशवीत घालून मी दाराशी ठेवल्या. उद्या केदारखेड्याला जाते, परवा जाते. आधी शाळा उघडली, मग गुडघा दुखायला लागला. खरं म्हणजे तुमच्यासमोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरत नव्हतं. ऑगस्टात निरोप आला की तुम्ही गेलात. तुमच्या पुण्यानुमोदनाला मी ती पिशवी घेऊनच आले होते. बुद्धवंदना चालली असताना ती मांडीवर होती. वहिनी म्हणाल्या, हे तुमचं नाव काढायचे, म्हणायचे कदम बाईसारखं भांडायला पुन्हा कुणी भेटलंच न्हाई. मी पिशवी उघडली नाही. उत्तर नसताना पाटी परत द्यायची नाही, नियम म्हणजे नियम.

परत आल्यावर मी आईला विचारलं. ती म्हणाली, गया व्हती, अन् तिच्यासंगं अजून एक व्हती. गयाबाई आहेत अजून, गावातच, लेकाकडे. पहिल्यांदा मी त्यांच्या घरात गेले, त्यांच्या बाजेवर बसले, त्यांचा चहा घेतला. चहा पिताना मला तुमचा कडुनिंबाखालचा डबा दिसत होता. गयाबाईंना सगळं आठवत होतं.

"मी खालून टोपलं देत व्हते, वर ती व्हती. तिनंच लावले ते. मी म्हन्लं टाक की, मुकादम वरडंल. तर म्हन्ली, लेकरायचं लिव्हेलं हाय, त्याच्यावर पाय कसा द्यायचा."

"तिला वाचता येत होतं?"

"कशाचं वं. अंगठाच व्हता आम्हा दोघींचा."

"नाव काय तिचं?"

गयाबाईंनी कप खाली ठेवला. वाटूरकडून आल्ती, म्हणाल्या. दोन हंगाम व्हती, मंग उसाला गेली ती पुन्हा आलीच न्हाई. आम्ही तिला नुसतं अगं म्हणायचो.

गेल्या महिन्यात मी वाटूरला तीन वस्त्या फिरले. लोक म्हणतात, बाईंना रिटायर व्हायच्या आधीच वेड लागलं. उसाला गेलेल्या बायका कितीतरी, न परतलेल्याही कितीतरी. दोघींची नावं हाती लागली, त्या त्या नव्हत्या. पण त्यांच्या पोरींनी आपल्या आयांची नावं मला वहीत लिहून घ्यायला लावली, ती मी लिहून घेतली आहेत. पुढच्या आठवड्यात परतूरच्या बाजूला जाणार आहे. रोम राहिलंच आहे यंदा माझ्याही सहावीचं. हो, इतिहास मागून घेतलाय मी.

काल दुपारी शाळेच्या पायरीवर बसून मी माती मळली. तळहाताएवढी पाटी केली. काडीनं तुमच्या प्रश्नाचं उत्तर कोरलं. खाली देणारी गयाबाई. वर मांडणारी, माहीत नाही, शोधते आहे.

मला पाच द्या, सर. पेन्सिलीनंच द्या.